गाझाच्या युद्धाला ‘दुष्टता’ हा शब्द लावताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. तुम्ही तत्त्वज्ञ हाना आरेंट यांचे, ज्यूंना मृत्युछावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइशमन याच्या खटल्यावरील लेखन वाचले आहे आणि त्याच्या आधारे गाझाच्या युद्धावर पदव्युत्तर प्रबंधिका लिहू इच्छिता. तुमच्या वर्गात यावर तीन मते पडली आहेत. एकाच्या मते ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने जे केले ती निर्भेळ दुष्टता होती आणि तिथे अधिक विचार करण्यासारखे काही उरत नाही. दुसरीच्या मते त्यानंतर इस्रायली लष्कराने गाझात जे केले त्याला आरेंट यांचा ‘दुष्टतेचा सामान्यपणा’ हा शब्दप्रयोग जसाच्या तसा लागू पडतो. तिसऱ्याच्या मते हा शब्दच टाकून द्यावा, कारण तो युद्ध पुकारणाऱ्यांच्या सोयीचा आहे. यांपैकी कोणाचे खरे मानावे, आणि इतक्या जवळच्या, इतक्या वादग्रस्त युद्धाबद्दल तत्त्वज्ञानाने बोलावे तरी का, असे तुम्ही विचारता. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: “७ ऑक्टोबरला भयंकर गोष्टी घडल्या आणि नंतर गाझामध्ये हजारो मुले मृत्युमुखी पडली.” या वाक्याबद्दल मला काही म्हणायचे आहे, ते शेवटी म्हणेन.

पंचवीसहून अधिक वर्षे नीतिशास्त्र शिकवताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. दुष्टता हे कृतींचे आणि त्या कृती घडवणाऱ्या व्यवस्थांचे विशेषण आहे, लोकसमूहांचे नाही. आणि ते लावायचे असेल तर एकेका कृतीजवळ जाऊन, तिचा कर्ता कोण, बळी कोण, निर्णय कुठे झाला आणि समर्थन काय दिले गेले हे तपासूनच लावावे लागते. ‘या संघर्षात दुष्ट कोण?’ हा प्रश्न त्यामुळे मुळातच चुकीचा विचारला जातो. एकाच युद्धात वेगवेगळ्या हातून वेगवेगळ्या प्रकारची दुष्ट कृत्ये घडतात आणि त्यांतील प्रत्येक प्रकार समजून घ्यायला वेगळे वैचारिक साधन लागते. तुमच्या सहाध्यायांनी एकेक साधन उचलले आहे आणि सगळी कुलुपे त्यानेच उघडतील असे गृहीत धरले आहे.

शब्दाबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण मराठीत विचार करताना तो अडचण करतो. ‘दुष्टता’ म्हटले की माणसाचा स्वभाव डोळ्यांपुढे येतो. ‘पाप’ म्हटले की ईश्वर आणि परलोक त्यात येतात. ‘अनिष्ट’ हा शब्द भूकंपालाही लागतो आणि म्हणून इथे फार सौम्य ठरतो. ‘दुरित’ हा सर्वांत जवळचा शब्द, पण तो आज पसायदानाबाहेर फारसा ऐकू येत नाही. त्याच पसायदानातील ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हे मागणे मला या विषयात नेहमी आठवते. खळ नाहीसे व्हावेत असे ते मागणे नाही, त्यांचा वाकडेपणा गळून पडावा असे आहे. कर्ता आणि त्याच्यातला वाकडेपणा वेगळे काढता येतात, हे त्यात धरलेले आहे. मी पुढे ‘दुष्टता’ हाच शब्द वापरणार आहे, पण तो वाचताना तुम्ही स्वभावाकडे न जाता कृत्याकडे पाहावे, एवढी विनंती आहे.

आता पहिले मत घेऊ. ७ ऑक्टोबरच्या सकाळी हमास आणि तिच्यासोबतच्या सशस्त्र गटांनी गाझाचे कुंपण तोडून बेएरी, कफार अझा, नीर ओझ यांसारख्या किबुत्झांवर (इस्रायलमधील सामुदायिक वसाहतींवर) आणि रेईमजवळ चाललेल्या नोवा संगीत महोत्सवावर हल्ला केला. त्यांनी सुमारे १,२०० माणसे मारली, ज्यांत बहुसंख्य नागरिक होते, आणि २५१ जणांना ओलीस धरून गाझात नेले. घरांतल्या सुरक्षित खोल्यांत दडलेल्या कुटुंबांना त्यांनी तिथेच गाठले. काही घरे आत माणसे असताना पेटवली. अनेक हल्लेखोरांनी हे सारे स्वतःच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांनी चित्रित केले. या कृत्यांना दुष्ट म्हणताना मला कोणतीही पुरवणी जोडावीशी वाटत नाही. माझी हरकत ‘निर्भेळ’ या विशेषणाला आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९३ मध्ये धर्मावर लिहिताना मानवी स्वभावातल्या मूलगामी दुष्टतेची कल्पना मांडली, आणि तिचा अर्थ लोक समजतात त्याच्या जवळजवळ उलट आहे. माणूस केवळ वाईट करायचे म्हणून वाईट करतो असे कांट मानत नाहीत. तशी इच्छा सैतानी ठरेल आणि ती माणसाला लागू पडत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. माणूस नैतिक नियम ओळखतो, पण आपल्या हेतूंच्या उतरंडीत त्याला खाली सरकवतो, स्वतःचे प्रयोजन वर ठेवतो, आणि मग स्वतःचीच फसवणूक करून सांगतो की आपण योग्य तेच केले. बेएरीतल्या हल्लेखोरांनी आपल्या कृत्याला मुक्तिलढा म्हटले, धर्मकर्तव्य म्हटले, सूड म्हटले. त्यांना राक्षस ठरवले की एक विचित्र गोष्ट होते: त्यांची जबाबदारीच नाहीशी होते. ज्याला बरे-वाईट मुळात कळतच नाही त्याच्यावर खटला भरता येत नाही. पुराला आपण दोषी धरत नाही. कांटचे निदान त्या माणसांबाबत अधिक कठोर आहे, कारण ते सांगते की खोलीत लपलेले मूल हे मूल आहे हे त्यांना ठाऊक होते. ते माहीत असूनही त्यांनी दुसरे काहीतरी वर ठेवले.

याला जोडून प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनची एक आठवण उपयोगी पडते. सोळाव्या वर्षी मित्रांच्या टोळक्यात केलेल्या पेअर फळांच्या चोरीवर त्याने पुढे आत्मकथनात पाने खर्च केली. भूक नव्हती, फळेही चांगली नव्हती. त्याला छळणारी गोष्ट ही की आपण एकटे असतो तर हे केले नसते. कृत्य क्षुल्लक आहे, आणि ते मुद्दाम क्षुल्लक निवडले आहे. पण सोबतीने माणसाच्या आत काय सैल होते हे त्यातून जितके कळते तितके ‘राक्षस’ या शब्दातून कळत नाही. कॅमेऱ्यापुढचा तो उन्माद कोणाला दाखवण्यासाठी होता, हा प्रश्न विचारायला ऑगस्टीन शिकवतो.

दुसऱ्या मताकडे येताना आधी आरेंट काय म्हणाल्या आणि काय म्हणाल्या नाहीत हे नीट पाहू, कारण या शब्दप्रयोगाइतका गैरवापर तत्त्वज्ञानातल्या फार थोड्या शब्दांचा झाला असेल. आडोल्फ आइशमनवरचा खटला जेरुसलेममध्ये ११ एप्रिल १९६१ रोजी सुरू झाला. आरेंट यांचे वृत्तांकन १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतः आरेंट यांनी सर्वंकषशाहीवरील १९५१ च्या ग्रंथात दुष्टतेला ‘मूलगामी’ म्हटले होते. खटल्यानंतर ज्यू धर्मपरंपरेचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांना लिहिताना त्यांनी ते मत सोडले: दुष्टता टोकाची असू शकते, पण तिला खोली नसते; ती बुरशीसारखी पृष्ठभागावर पसरते आणि सारे जग उद्ध्वस्त करू शकते. ‘आपल्या प्रत्येकात एक आइशमन असतो’ असे त्यांचे म्हणणे नव्हते आणि हा अर्थ त्यांनी नाकारला. दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करण्याची असमर्थता, आणि ती असमर्थता झाकणारी ठोकळेबाज कार्यालयीन भाषा, ही त्यांनी पाहिलेली गोष्ट होती. कार्यालयीन भाषा हीच माझी एकमेव भाषा आहे, असे आइशमन न्यायालयात म्हणालाच होता.

येथे एक दुरुस्ती तुमच्या प्रबंधिकेत आलीच पाहिजे. जर्मन अभ्यासक बेटिना स्टांगनेथ यांनी २०११ मध्ये, विशेषतः अर्जेंटिनातील १९५७ च्या मुलाखतींच्या आधारे, दाखवले की आइशमन हा विचारहीन कारकून नव्हता. तो कडवा, आपल्या कामाचा अभिमान बाळगणारा ज्यूद्वेष्टा होता आणि जेरुसलेमच्या पिंजऱ्यात त्याने कारकुनाचे सोंग घेतले होते. याचा अर्थ आरेंट माणसाबद्दल चुकल्या असाव्यात. कल्पना मात्र त्याने पडत नाही, कारण ती कल्पना जिथे लागते अशी इतर हजारो टेबले जगात आहेत. प्रश्न इतकाच की गाझाच्या युद्धातले कोणते टेबल.

इस्रायली-पॅलेस्टिनी पत्रकारांच्या ९७२ मासिकाने एप्रिल २०२४ मध्ये इस्रायली गुप्तवार्ता विभागातील सहा जणांच्या हवाल्याने एक वृत्त प्रसिद्ध केले. ‘लॅव्हेंडर’ नावाची संगणकीय प्रणाली संशयित हमास सदस्यांची यादी काढत असे आणि युद्धाच्या सुरुवातीच्या काळात एकेका नावाला मंजुरी देण्यापूर्वी अधिकारी सुमारे वीस सेकंद देत, असे त्यात म्हटले होते. कनिष्ठ सदस्यामागे किती नागरिकांचा मृत्यू चालेल याचाही आकडा ठरलेला होता, असाही आरोप होता. लष्कराने हे नाकारले आणि ही प्रणाली केवळ माहिती पडताळण्याचा संग्रह आहे असे सांगितले. त्यामुळे तुम्ही हे ‘वृत्तानुसार’ असेच लिहावे. पण वृत्तातला निम्मा भाग जरी खरा असला तरी आरेंट यांचे साधन इथे नेमके बसते. त्या वीस सेकंदांत द्वेष लागत नाही. मूर्खपणाही लागत नाही. समोरच्या नावाला घर आहे, त्या घरात रात्री कोण झोपते, हा विचार करण्याची जागा कामाच्या रचनेतूनच काढून टाकलेली असते.

याहून पक्की नोंद असलेली घटना हवी असेल तर १ एप्रिल २०२४ ची रात्र घ्या. वर्ल्ड सेंट्रल किचन या अन्नमदत करणाऱ्या संस्थेच्या तीन गाड्या देर अल-बलाहच्या गोदामात अन्न उतरवून निघाल्या होत्या. त्यांचा मार्ग लष्कराला आधी कळवलेला होता आणि गाड्यांच्या छतांवर संस्थेचे चिन्ह होते. ड्रोनने पहिली गाडी टिपली, मग दुसरी, मग तिसरी. सात मदतकर्मी मारले गेले. लष्कराने चौकशी करून ही गंभीर चूक असल्याचे मान्य केले, दोन अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले आणि कारणे दिली: रात्री ड्रोनच्या कॅमेऱ्यात चिन्ह दिसले नाही, ताफ्यात हमासचा बंदूकधारी आहे असा समज झाला, समन्वयाचा तपशील हल्ला करणाऱ्या तुकडीपर्यंत पोहोचला नाही. प्रत्येक कारण वेगळे घेतले तर समजण्यासारखे आहे. पण पहिल्या गाडीनंतर दुसऱ्या गाडीपूर्वी, आणि दुसरीनंतर तिसरीपूर्वी, थांबून विचारण्याची संधी होती, आणि दोन्हींपैकी एकाही वेळी कोणी विचारले नाही. मी हे उदाहरण वर्गात नेहमी घेतो, कारण इथे राक्षस शोधून सापडत नाही आणि तरीही ‘अपघात’ हा शब्द कमी पडतो.

मात्र तुमच्या सहाध्यायिनीचे म्हणणे इथवरच बरोबर आहे. गाझाची नाकेबंदी सामान्यपणाच्या कल्पनेत बसत नाही. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी संरक्षणमंत्री योआव गॅलंट यांनी संपूर्ण वेढ्याची घोषणा उघडपणे केली: वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही, आणि आपण मानवी पशूंशी लढत आहोत असेही ते म्हणाले. हे शब्द हमासला उद्देशून होते असे त्यांचे समर्थक सांगतात. पण वेढा वीस लाखांहून अधिक लोकांभोवती पडला. पुढे २ मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे गाझात कोणतीही मदत जाऊ दिली गेली नाही, आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा आधार असलेल्या अन्नसुरक्षा वर्गीकरण यंत्रणेने गाझा शहर व परिसरात दुष्काळ असल्याचे जाहीर केले. इस्रायलने तो निष्कर्ष फेटाळला आणि हमास मदत लुटते असे सांगितले. हा निर्णय कोणा खालच्या टेबलावर नकळत झालेला नव्हता. तो मंत्रिमंडळात, परिणाम समोर असताना झाला.

अशा निर्णयासाठी मला अमेरिकी तत्त्वज्ञ क्लॉडिया कार्ड यांची व्याख्या सर्वांत उपयोगी वाटते. २००२ मध्ये मांडलेल्या आणि २०१० मध्ये सुधारलेल्या त्यांच्या विवेचनाचा गाभा असा: ज्यांची आधीच कल्पना येऊ शकते अशा असह्य हानी अक्षम्य अन्यायातून घडवल्या जातात तेव्हा त्यांना दुष्ट म्हणावे. या व्याख्येचा जोर हेतूपेक्षा हानीवर आहे. कर्त्याच्या मनात द्वेष होता की सुरक्षेची चिंता, याचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागत नाही. जगण्यासाठी किमान जे लागते ते हिरावले जाणार हे ठाऊक होते का, आणि ते करण्याला खरोखर समर्थनीय कारण होते का, हे विचारावे लागते. मुलांच्या तोंडचे अन्न काढून त्यांच्यावर राज्य करणाऱ्या सशस्त्र संघटनेवर दबाव आणणे, याला मला असे कारण दिसत नाही. हीच पट्टी ओलिसांना लावा. माणसांना भुयारात कोंडून त्यांच्या जिवाचा सौद्यासाठी वापर करणे, आणि ऑगस्ट २०२४ अखेर रफाहच्या भुयारात सहा जणांना सुटका जवळ येताना गोळ्या घालणे, हे कार्ड यांच्या व्याख्येत तितक्याच ठामपणे बसते. व्याख्येची खरी परीक्षा हीच असते की ती आपल्या नावडत्या बाजूला लावल्यानंतर आवडत्या बाजूलाही न वाकवता लावता येते का.

बाँबहल्ल्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तिथे मी तुम्हाला सावध करीन. हमास नागरी वस्तीत, तिच्याखालच्या भुयारांत लढते. ही वस्तुस्थिती आहे आणि तिची नैतिक जबाबदारी हमासवर आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्वायनसपासून चालत आलेले दुहेरी परिणामाचे तत्त्व सांगते की योग्य लक्ष्यावर हल्ला करताना, इच्छित नसलेली पण दिसत असलेली हानी काही अटींवर क्षम्य ठरू शकते. युद्धनीतीचे अभ्यासक मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली: नागरिकांना मारायचे नव्हते एवढे पुरेसे नाही, ते मरू नयेत म्हणून प्रत्यक्ष काळजी घेतली पाहिजे, आणि त्यासाठी सैनिकांनी स्वतः काही धोका पत्करला पाहिजे. ही कसोटी एकेका हल्ल्याला लावावी लागते आणि काही हल्ले तिच्यावर उतरतीलही. पण गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींनुसार ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामापर्यंत ६७,००० हून अधिक माणसे मेली होती. त्या नोंदींत लढवय्ये आणि नागरिक वेगळे केलेले नाहीत, तरी स्त्रिया आणि मुले यांचे प्रमाण एवढे आहे की ‘पुरेशी काळजी घेतली’ हा दावा सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावरच जातो. आणि एक गोष्ट लोक सतत विसरतात: जबाबदारी म्हणजे भाकरी नव्हे, की एकाने मोठा तुकडा घेतला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला लहान यावा. माणसांच्या आडून लढणारा पूर्ण जबाबदार असू शकतो आणि त्या माणसांवर बाँब टाकणाराही पूर्ण जबाबदार असू शकतो.

वंशविच्छेद या शब्दाबद्दल. कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी तो १९४४ मध्ये घडवला आणि ९ डिसेंबर १९४८ च्या करारात त्याला कायद्याचे रूप आले. एखादा समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा उद्देश हा त्या व्याख्येचा प्राण आहे. दक्षिण आफ्रिकेने २९ डिसेंबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला, २६ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने तात्पुरते आदेश दिले, अंतिम निर्णय व्हायचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाने वंशविच्छेद झाल्याचा निष्कर्ष काढला. इस्रायलने तो नाकारला. तत्त्वज्ञही यावर एकमुखी नाहीत: नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास आणि तीन सहकाऱ्यांनी असा उद्देश इस्रायलवर लादणे चूक आहे असे निवेदन काढले, आणि इतर विचारवंतांनी त्याला लगेच उत्तर दिले. माझा सल्ला असा की तुमचा नैतिक निवाडा या एका शब्दावर टांगू नका. न्यायालय उद्देशाचा पुरावा शोधते आणि ते त्याचे काम आहे. पण तो सिद्ध झाला नाही तर अन्न अडवण्याचे कृत्य निर्दोष ठरेल, असे समजणे ही चर्चेतली सर्वांत महागडी चूक आहे.

यानंतर येतो समूहांच्या दोषाचा प्रश्न, आणि मला सर्वाधिक चिंता याचीच वाटते. गाझाच्या लोकांनी २००६ मध्ये हमासला निवडून दिले म्हणून तेही दोषी, असे म्हटले जाते, जणू त्या वर्षानंतर तिथे मुले जन्मलीच नाहीत. इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष इसाक हर्झोग यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथले संपूर्ण राष्ट्र जबाबदार असल्याच्या आशयाचे विधान केले. नंतर आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असे त्यांनी म्हटले. उलट बाजूने ऐकू येते की इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची असल्याने तिथे नागरिक असा कोणी नाहीच. दोन्ही वाक्यांची रचना एकच आहे. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्ये, पराभूत जर्मनीत, आपल्याच देशबांधवांपुढे बोलताना दोषाचे चार प्रकार वेगळे केले: कायदा मोडणाऱ्याचा गुन्हेगारी दोष, राज्याच्या कृत्यांचे परिणाम भोगण्याची नागरिकांची राजकीय जबाबदारी, प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकापुढे द्यायचा नैतिक जाब, आणि माणूस म्हणून दुसऱ्या माणसाशी असलेली बांधीलकी तुटल्याचा तात्त्विक दोष. पहिला न्यायालयाने व्यक्तींवर ठेवायचा. दुसरा नागरिकांवर येऊ शकतो, पण त्याची शिक्षा मृत्यू कधीच असू शकत नाही. तिसरा आणि चौथा दुसऱ्याने कोणावर लादायचा नसतोच. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी नेतन्याहू, गॅलंट आणि हमासचा लष्करी प्रमुख मोहम्मद दैफ यांच्याविरुद्ध वॉरंट काढले तेव्हा त्याने पहिल्या प्रकाराची भाषा वापरली: तीन नावे, नेमके आरोप. ते न्यायालय इस्रायलला मान्य नाही, आणि दैफ मारला गेल्याचे पुढे हमासने जाहीर केले. पण दोषाला नाव देण्याची ती रीत तुमच्या लेखनासाठी नमुना आहे.

तुम्ही काम करू लागाल तेव्हा तुम्हाला दोन दिनदर्शिका भेटतील. एकीची सुरुवात ७ ऑक्टोबरपासून होते, आणि तिच्या मागे नाझींनी केलेल्या संहाराची व आत्मघाती स्फोटांची आठवण आहे. दुसरी १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनींनी घरे गमावली तिथून सुरू होते, १९६७ च्या कब्ज्यातून आणि २००७ पासूनच्या नाकेबंदीतून पुढे येते. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी दाखवले आहे की कर्त्याच्या दृष्टीने कृत्य लहान, सकारण आणि संपलेले असते, तर बळीच्या दृष्टीने तेच कृत्य प्रचंड, अकारण आणि आजही चालू असलेले असते. इथे दोन्ही समाज एकाच वेळी कर्तेही आहेत आणि बळीही, म्हणून दोन्ही दिनदर्शिका खऱ्या आहेत. कार्यकारणाचा शोध घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. नाकेबंदीतल्या बालपणाने हल्लेखोर कसा घडला हे कळते, पण खोलीतल्या मुलाला मारणे त्याने योग्य ठरत नाही. तसेच ७ ऑक्टोबरच्या धक्क्याने वेढा का स्वीकारला गेला हे कळते, आणि वेढा त्याने योग्य ठरत नाही.

तिसऱ्या मताचा मी आदर करतो. फिलिप कोल यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की ‘दुष्टता’ ही कल्पना काहीच समजावत नाही, फक्त समोरच्याला माणसांच्या बाहेर काढते. आणि २००२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी तीन देशांना ‘दुष्टतेचा अक्ष’ म्हटल्यानंतर काय झाले हे आपण पाहिले आहे. तरीही मी शब्द सोडणार नाही. ‘चूक’, ‘अतिरेक’, ‘उल्लंघन’ एवढेच शब्द हाती ठेवून देर अल-बलाहच्या गाडीजवळ किंवा रफाहच्या भुयाराजवळ उभे राहिलो तर मी तिथे काय झाले ते अचूक सांगत नाही. अचूकपणासाठी तो शब्द मला लागतो. माणसांना लावायचा नाही, कृत्याला लावायचा, हा निर्बंध पाळला तर कोल यांची बहुतेक भीती दूर होते. सगळी होत नाही, हे मला मान्य आहे.

नाझीकाळाशी तुलना करायची की नाही, असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लेखक-पत्रकार माशा गेसन यांनी गाझाची तुलना नाझीव्याप्त युरोपातल्या ज्यू वस्त्यांशी केली, आणि त्यांना मिळणाऱ्या, आरेंट यांच्याच नावाच्या पुरस्काराच्या समारंभातून जर्मनीतील हाइनरिश ब्योल प्रतिष्ठानाने अंग काढून घेतले. तुलनेवर बंदी घालणे आरेंट यांना पटले असते असे मला वाटत नाही. पण तुलना म्हणजे समीकरण नव्हे. कुठे साम्य संपते हे तुम्ही साम्याइतक्याच तपशिलाने लिहिले नाही तर ती तुलना करू नका.

आता तुमचे ते वाक्य. ‘भयंकर गोष्टी घडल्या’, ‘मुले मृत्युमुखी पडली’. मी वर्गात विद्यार्थ्यांना युद्धाच्या बातम्यांची कात्रणे देतो आणि क्रियापदांखाली रेघ ओढायला सांगतो. कागदावर ‘झाले’, ‘घडले’, ‘पडले’, ‘ठार झाले’ यांची रांग लागते. ‘मारले’ क्वचितच येते, आणि आले तर बहुधा शत्रूच्याच वाट्याला येते. मग मी प्रत्येक वाक्य कर्त्यासह पुन्हा लिहायला सांगतो. तुमचे वाक्य असे होईल: ‘७ ऑक्टोबरला हमासच्या आणि तिच्या साथीदार गटांच्या माणसांनी शेकडो नागरिकांना त्यांच्या घरांत, रस्त्यांवर आणि उत्सवात मारले, त्यानंतर इस्रायली लष्कराने गाझावरील हल्ल्यांत हजारो मुले मारली आणि इस्रायली सरकारने तिथे जाणारे अन्न अडवले.’ ‘मारले’ या क्रियापदात हेतू आपोआप येत नाही, कर्ता येतो. हेतूचा, काळजीचा, क्षम्यतेचा प्रश्न त्यानंतर विचारता येतो, आधी नाही. तुमच्या पहिल्या प्रकरणाचा मसुदा याच रीतीने एकदा वाचून काढा आणि मला पाठवा. काही वाक्यांना कर्ता सापडणार नाही. संदेश खालच्या तुकडीपर्यंत ‘पोहोचला नाही’ या वाक्याला मलाही अजून सापडलेला नाही. तिथे जागा कोरी सोडून समासात खूण करा. त्या कोऱ्या जागा गोळा करून दुसरे प्रकरण लिहा. आरेंट यांची गरज तुम्हाला तिथेच पडणार आहे.